हरळीतला पट्टा

माझ्या बापाला गाव 'फुटका जानराव' म्हणू लागलं त्याला पाच वर्षं झाली होती, आणि त्या पाच वर्षांत उकंडराव पाटलाचं वाईट चिंतल्याशिवाय माझा एकही दिवस गेला नाही. सकाळी चूल पेटवताना एकदा आणि संध्याकाळी भाकरी थापताना एकदा, असा नेमच होता. मनात कोणाविषयी वाईट ठेवू नये असं लोक म्हणतात. त्यांच्या बापाला कोणी भरगावात उभं केलं नसेल.

आमचं गाव आसेगावपासून दोन कोसांवर. चांगली काळी जमीन सगळी खाली, आणि आमची बौद्ध वस्ती वर मुरमाड बरडावर. बरडाच्या पायथ्याशी पाटलाचा नवा बंगला, मध्ये साठ-सत्तर पावलांचा उतार आणि त्याच्या आवाराची भिंत. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या वस्तीला हौद मंजूर झाला. टँकरनं पाणी आणून त्यात भरायचं. हौद बांधला माझ्या बापानं. बाप गवंडी होता, आणि साधासुधा नव्हता. त्याच्या भिंतीला ओळंबा लावावा तर सूतभर फरक निघायचा नाही. आसेगावपासून शेलूबाजारपर्यंत माणसं त्याला बोलवायला यायची.

पण हौदात पाणी थांबेना. सकाळी काठोकाठ भरलेला हौद दुपारी तळाला जायचा. बाप आत उतरला, भिंती बोटानं चाचपल्या, तीन वेळा गिलावा केला. पाणी काही थांबलं नाही. बायका रिकामे हंडे घेऊन परत जायच्या आणि जाताना आमच्या दाराकडे बघून बोलायच्या.

मग सरपंच म्हणून उकंडराव पाटलानं सगळं गाव हौदापाशी गोळा केलं.

"जानराव, हौद कोनं बांधला?"

"म्या बांधला, पाटील."

"मंग म्हण लोकाईपुढं. माझ्या हातचा हौद कच्चा."

बापानं हात जोडले आणि म्हटलं.

"मागच्याले आयकू नाही आलं. पुन्हा म्हण."

असं तीन वेळा म्हणायला लावलं. माझी आई भागिरथा कमरेवर रिकामा हंडा घेऊन गर्दीत उभी होती. मी तिच्या शेजारी. तिसऱ्या वेळी लोक हसले, आणि त्यात आमच्या वस्तीतलेही होते हे मी विसरलेले नाही.

त्या दिवशी बापानं थापी गोणपाटात गुंडाळून खुंटीला टांगली. जऊळक्याच्या स्टेशनावर पोती वाहायला लागला. ज्याच्या हातानं घरं उभी राहायची तो हमाली करू लागला, आणि बाजाराच्या दिवशी तेवढा घरी यायचा. दुष्काळ सरला, टँकर बंद झाला, गावविहिरीवर मोटर बसली आणि हौदात रोज सकाळी तिचं पाणी सुटू लागलं. तेही दुपारपर्यंत नाहीसं व्हायचं. वस्तीच्या बायका नाल्यातल्या झिऱ्यावरून पाणी आणायच्या आणि येता-जाता म्हणायच्या, 'जानरावची कृपा.'

आता पाटलाच्या लॉनची गोष्ट. हौद बांधला त्याच वर्षी नागपूरला कोणा पुढाऱ्याच्या बंगल्यासमोर त्यानं हिरवंगार लॉन पाहिलं आणि लगेच आपल्या अंगणात करवलं. हरळी लावली. आमच्या बायकांना हसू आवरेना. शेतातली हरळी काढता काढता आमच्या आया म्हाताऱ्या झाल्या, बोटांची सालं निघाली, आणि हा गडी ती हौसेनं लावतो! खाली खापराचे नळ पुरून पाणी खेळवलं. ते नळ पुरायला आमच्या वस्तीतलं एकही माणूस लावलं नाही, सगळे मजूर बाहेरगावचे. भिंतीबाहेर उतारावरही त्यांनी चर खणून बुजवला, पण दुष्काळी कामात तसे चर जागोजाग निघत होते. तेव्हा त्याचंही कोणाला काही वाटलं नाही. त्याची विहीर होळीला तळ दाखवायची, पण लॉन मात्र ज्येष्ठातही हिरवं. आम्ही म्हणायचो, नशीबच लागतं.

पण काळी माती कोणाच्या बापाची नसते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाच वर्षांत लॉनचं असं झालं की इथं उंचवटा, तिथं खड्डा. अठ्ठ्याहत्तरच्या पोळ्याला पाहुणे आले, खुर्च्या मांडल्या, आणि एका पाहुण्याची खुर्ची कलली ती सरळ पाटलाच्या अंगावर. चहा धोतरावर सांडला. मी तिथं रोजानं कामाला जायची, तेव्हा कोपऱ्यात हरळी कापत होते. तोंडात पदर कोंबला म्हणून वाचले.

दुसऱ्याच आठवड्यात खबर आली की दिवाळीआधी अकोल्याहून मोठे साहेब येणार. गावाला पाण्याची मोठी टाकी मंजूर करायची होती आणि ती कुठं बसवायची हे साहेब पाहणार होते. पाटलाला ती आपल्या आवारालगत हवी होती. चहा लॉनवर ठरला.

"रस्त्याच्या कामावरचा रूळ आनतो ना, पाटील," फुलसिंग म्हणाला. हा तांड्यावरचा, पाटलाची जीप चालवायचा. "शेलूबाजारच्या रोडवर हाय. दोन चकरा मारल्या की पोळपाटासारखं सपाट."

"रूळ फिरवसान तं खालचे नय फुटतीन," मी म्हटलं. "खापर हाय ते. अन् काळी माती दाबली की दगड होते. मंग हरळी मरते."

पाटलाचा चेहरा बदलला. हरळी मरेल याचं त्याला काही वाटलं नाही. नळाचं नाव काढलं तसा तो झोपाळ्यावरून उठून उभा राहिला.

"नयाले धक्का नाही लागला पाह्यजे," तो म्हणाला. "आन हे पाह्य अंजने, तिकून, भिंतीकून, टिकास लावाचंच नाही. बोटभर खाली बी जाचं नाही. समजलं?"

"व्हय, पाटील."

"तुले जमते का हे काम?"

"खयं कराले जमते. हे बी तसंच."

मला खरंच जमत होतं. खळं करताना बाया जमीन कशी एकसारखी करतात ते या भागात कोणाला सांगावं लागत नाही. पण माझ्या डोक्यात ते काम राहिलंच नाही. विहीर बंगल्याच्या मागे, पश्चिमेला. भिंत पूर्वेला, आमच्या वस्तीकडे. मग भिंतीकडे नळ कशाला?

मी घाई केली नाही. पाऊस उघडल्यावर चार दिवस थांबले. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि बोटानं टिचकी मारली की फुटावा, असा वाफसा आला तेव्हा सहा बायका घेऊन कामाला लागले. आधी विळ्यानं हरळी अगदी मुळापर्यंत कापली. मग बारीक सळई घेऊन वीत-वीत अंतरावर हलक्या हातानं टोचत गेले. माती असली की सळई मऊ जाते, खापराला लागली की टक्क करते आणि तो आवाज तळहाताला कळतो. जिथं टक्क झालं तिथं खुंटी मारली, खुंट्यांना सुतळी बांधली. दुपारपर्यंत सगळे नळ वरून दिसू लागले. पडवीमागच्या पाण्याच्या कुंडीतून पाच फाटे लॉनभर पसरले होते. सहावी सुतळी कुंडीतून निघून नीट भिंतीकडे गेली होती, आणि तिला एकही फाटा नव्हता.

मी भिंतीवरून पाहिलं. सुतळीच्या अगदी समोर, वर, माझ्या बापाचा हौद होता.

 तरी खात्री करायची होती. अशोक विजयादशमीच्या सणासाठी आम्ही विहाराला चुना लावला होता, त्यातली नीळ घरात उरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी हौद भरल्यावर ती सगळी मी हौदात ओतली आणि कामावर गेले. दहाच्या सुमाराला कुंडीतलं पाणी पांढऱ्या कपात घेतलं. निळं होतं. फार नाही, पण निळं होतं. तो कप मी तसाच पदराआड लपवून ठेवला. पाच वर्षं आमच्या बायकांनी डोक्यावरून पाणी वाहिलं, माझ्या बापानं पोती वाहिली, आणि इकडे हरळी पाणी पीत होती.

घरी येऊन आईला सांगितलं. मला वाटलं ती रडेल. ती तांदूळ निवडत होती, तिनं सूप खाली ठेवलं.

"बोंब मारू नको," आई म्हणाली. "तू बोंब मारशीन, अन् तो रातोरात नय काढून टाकीन. मंग आपुनच येडे. तुह्या बापाले भरगावात उभं केलं होतं ना? मंग हे बी भरगावात व्हाले पाह्यजे."

"मंग काय करू?"

"त्यानं काय सांगतलं तुले?"

"नयाले धक्का नको लावू म्हने."

"मंग नको लावू," आई म्हणाली आणि सूप उचललं.

नळाला धक्का न लावता नळ दाखवायचा कसा, हे मला सुचलं ते मातीकडे पाहूनच. उंचवट्यावरची हरळी आम्ही चौकोनी कापून भाकरीसारखी उलथत होतो. खालची जास्तीची माती खुरप्यानं काढायची, भाकरी पुन्हा जागच्या जागी बसवायची. खड्ड्यात चाळलेली माती आणि रेती बोट-बोट थरानं टाकायची, हरळी वर आली की पुढचा थर. एकदम भरलं तर हरळी गुदमरते. नळावर तर नुसत्या हातानं काम. शेवटी सहाही बायकांनी अनवाणी, खांद्याला खांदा लावून, खळं तुडवतात तसं सगळं तुडवलं आणि वरून फळी ओढली. सगळीकडे एकच माती पडली. फक्त त्या सहाव्या सुतळीवर, वीतभर रुंदीत, मी रेतीऐवजी कुजलेलं लेंडीखत टाकलं. भरपूर टाकलं. लेंडीखताला हरळी कशी येते ते ज्यानं तिच्याशी जन्मभर वैर केलं त्यालाच माहीत.

भिंतीबाहेरचं काम वस्तीनं केलं. आईनं घरोघरी जाऊन सांगितलं. ज्या बायका पाच वर्षं आम्हाला बोलत होत्या त्यांच्यापुढं आईनं तो कप ठेवला, दुसरं काही बोलली नाही. गंगूबाई, जिची जीभ सगळ्यांत तिखट, ती खाली मान घालून बसली. लॉनवरून खरवडलेली हरळीची मुळं आम्ही रोज संध्याकाळी पाट्या भरून नेत होतो.

"कचरा नेऊन राह्यल्या का?" पाटलानं विचारलं.

"व्हय. बकऱ्याईले."

"न्या, न्या."

ती मुळं हौदापासून भिंतीपर्यंत सरळ ओळीत लावली. मुरमाला काय येतं? काहीच येत नाही. पण शेणखत घातलं, आणि प्रत्येकीनं भांड्यांचं, धुण्याचं पाणी त्या ओळीवरच ओतायचं ठरवलं. पंधरा-वीस दिवसांत ओळ धरली. पाटलानं भिंतीवरून एकदा डोकावलं असतं तर सगळं समजलं असतं. पण आमच्या वस्तीकडं पाहायची त्याला सवयच नव्हती.

आतली हरळीही वर आली. लॉन असं झालं की वाटी उपडी ठेवली तर सरकणार नाही. आणि मधून एक काळपट हिरवा पट्टा, कुंडीपासून भिंतीपर्यंत. साहेब येण्याच्या आदल्या संध्याकाळी पाटील अकोल्याहून परतला आणि लॉनवर चपला काढून चालला.  तो पट्ट्यापाशी थांबला.

"हे भल्लं चांगलं आलं वो," तो म्हणाला. "बाकीचं असं काहून नाही?"

"येईन, पाटील. हयूहयू येईन."

तो खूश होऊन आत गेला. उभ्या जन्मात त्यानं शेतात स्वतः खत टाकलं नव्हतं, त्याला काय कळणार?

साहेब आले ते सकाळी नऊला. बरोबर दोन माणसं, फुलसिंगची जीप, आणि पाहायला सगळं गाव. मी बापाला निरोप धाडून जऊळक्याहून बोलावून घेतलं होतं. का ते सांगितलं नव्हतं. तो हौदापासून लांब, लिंबाखाली बसला होता. त्या हौदाकडे तो जातच नसे.

साहेब खुर्चीवर बसले. खुर्ची हलली नाही, कपातला चहा हलला नाही. साहेब वयस्क, शेतकऱ्याच्या घरातले असावेत, कारण बसल्या बसल्या त्यांचा हात खाली हरळीवर गेला.

"छान राखलंय. पण हा पट्टा एवढा गर्द कसा?"

पाटलाच्या तोंडून, मी त्याला शिकवलं असतं तरी निघालं नसतं, असं निघालं. "खालून नय गेला हाय ना साहेब. पाणी मुरते."

"विहिरीचा?"

"व्हय तं."

"विहीर तर मागे आहे. हा तर भिंतीकडे गेलाय."

 पाटलानं पट्ट्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग माझ्याकडे. मी हसले. खोटं कशाला बोलू, पोटभर हसले.

"साहेब," मी म्हटलं, "भिंतीपलीकडं बी हाय तो. पाहून घ्या."

"हे बाईमानूस काय बी..." पाटील उठला, पण साहेबही उठले होते. कप हातात घेऊन ते फाटकातून बाहेर पडले, भिंतीला वळसा घातला आणि उभे राहिले. उजाड मुरमावर हिरवी ओळ सरळ वर चढत होती. साहेब तिच्या कडेकडेनं चालले, मागून सगळं गाव. ओळ हौदाच्या कोपऱ्यात जाऊन संपली. आत, त्याच कोपऱ्यात, उतरायची दगडी पायरी होती.

"मजुराईनं चुकून जोडला असन," पाटील म्हणाला.  "फुलसिंग, टिकास आन. खंदून पाह्य."

"टिकास नाही," मी मध्ये आडवी आले. "नय फुटला तं म्हनसान जानरावच्या पोरीनंच फोडला. ज्यानं हौद बांधला तोच पाहीन. खात्री पाह्यजे ना? मंग त्याच्याच हातानं."

मी बापाला हाक मारली. तो येईना. आई गेली, त्याच्या हातात गोणपाटाची गुंडाळी दिली, आणि तो आला. हौदात तेव्हा ढोपरभर पाणी उरलं होतं. बाप उतरला. पहारीनं पायरी अशी सरकवली की तिचा टवकाही उडाला नाही. खाली हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला. तो तसाच थांबला, आणि पाणी त्याच्या हाताभोवती गिरकी घेऊन आत जाताना सगळ्यांना दिसलं.

"भिताडाले मांगून भोक पाडलं," बाप म्हणाला. "पायरीखालून. म्या सगयं पाह्यलं, पायरी नाही उचलून पाह्यली." मग हात बाहेर काढून म्हणाला, "माहा हौद पक्का हाय."

 साहेबांनी बरोबरच्या माणसाला लिहून घ्यायला सांगितलं. पाटील हळूच जीपकडे निघाला. त्याच्या पुढं माझी आई उभी होती, कमरेवर रिकामा हंडा. तिच्या मागे वस्तीतल्या सगळ्या बायका, सगळ्यांत पुढं गंगूबाई.

"पाटील," आई म्हणाली, "त्या रोजी माहा मालक इथंच उभा होता. तुमी बी या. म्हना, हौद पक्का होता, पानी म्या चोरलं."

"सरका, भागिरथाबाई. साहेब थांबले हायेत."

"साहेब थांबतीन," आई म्हणाली.

साहेबांनी हौदाच्या काठावर कप ठेवला आणि खरंच थांबले.

पाटलानं चारी बाजूंना पाहिलं. त्याच्या बाजूनं कोणी बोललं नाही, फुलसिंगसुद्धा नाही. मग तो खाली बघत, ओठातल्या ओठात बोलला.

"मागच्याले आयकू नाही आलं," आई म्हणाली. "पुन्हा म्हना."

तीन वेळा म्हणवलं. तिसऱ्या वेळी त्याचा आवाज फाटला, आणि कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं लोक हसतील, मला ते ऐकायचं होतं. तेवढं राहून गेलं.

बापानं त्याच दिवशी सिमेंट कालवलं आणि भोक बुजवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता हौद सकाळइतकाच भरलेला होता. बायका उगाचच येऊन त्यात बघून जात होत्या. पाटलाची सरपंचकी गेली. नवी टाकी आमच्या बरडावर बसली आणि तिचं काम बापाला मिळालं.

होळीला पाटलाची विहीर आटली. चैत्रात लॉन पिवळं पडलं, वैशाखात तडे गेले आणि पुन्हा जागोजाग उंचवटे आले. मी रोज संध्याकाळी भिंतीपाशी जाऊन पाहायची. एकदा बाप कामावरून येताना माझ्याजवळ थांबला, खांद्यावर थापी. त्यानंही आत पाहिलं. सगळं वाळलं होतं, फक्त तो पट्टा लेंडीखताच्या जोरावर अजून थोडा हिरवा होता.

"घागरभर पानी टाक त्याले," बाप म्हणाला. "हरयीचा काय गुन्हा?"

माझ्या डोक्यावर हौदाची भरलेली घागर होती. मी ती तशीच घरी घेऊन गेले.